पैसे परत मागण्याचा हक्क: जहरमोहऱ्यापासून क्रेडिट कार्डापर्यंत



मागच्या दोन व्याख्यानांत आपण वचन आणि करार यांविषयी बोललो. दिलेला शब्द माणसाला का बांधतो, हा तिथला प्रश्न होता. आज त्याच प्रश्नाची बाजारातली बाजू घेऊ. विषय वाचून काहींना हसू आलं असेल, की चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस क्रेडिट कार्डावर काय बोलणार! पण आपल्या हातातल्या या प्लास्टिकच्या तुकड्यात चारशे वर्षांचं एक भांडण दडलेलं आहे आणि ते मुळात नीतिशास्त्राचं भांडण आहे. कसं ते आज बघायचं आहे.

सुरुवात घरापासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पुस्तकांसाठी सागवानी कपाट घ्यायचं ठरवलं. शहरातलंच दुकान होतं. अडतीस हजार रुपये किंमत, सहा आठवड्यांत घरपोच. पैसे आम्ही क्रेडिट कार्डाने भरले. सहाचे दहा आठवडे झाले. फोन आधी उचलला जाई, मग वाजत राही, मग बंद. एके दिवशी जाऊन पाहतो तर शटरला कुलूप. आम्ही बँकेला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "सर, तुम्ही स्वतःच पासवर्ड टाकून पैसे दिलेत ना? मग हा तुमचा आणि दुकानदाराचा प्रश्न आहे."

फोन ठेवल्यावर आम्ही विचार करत बसलो. तिचं म्हणणं चूक होतं असं लगेच म्हणता येईना. बँकेने आमच्या सांगण्यावरून पैसे दिले. कपाट बँकेने विकलं नव्हतं. मग दुकानदाराच्या लबाडीचं ओझं बँकेने का घ्यावं? हाच आजचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं, कारण हा प्रश्न अनेक समाजांनी अनेकदा सोडवला, आणि दर वेळी कुणीतरी भरडलं गेल्यावरच सोडवला.

आता थोडं मागे जाऊ. इ. स. १६०३. लंडनमधला एक सोनार एका गिऱ्हाइकाला एक खडा विकतो. सांगतो की हा बेझोअर आहे. म्हणजे आपल्याकडचा जहरमोहरा, विष उतरवतो अशी समजूत असलेला खडा. किंमत शंभर पौंड, त्या काळी फार मोठी रक्कम. खडा खोटा निघाला. गिऱ्हाईक न्यायालयात गेलं आणि हरलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की सोनार खडा जहरमोहरा आहे असं नुसतं म्हणाला. त्याने तशी हमी दिली नव्हती. बोलणं वेगळं, हमी वेगळी. 'चँडेलर विरुद्ध लोपस' या नावाने हा निवाडा कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात.

घेणाऱ्याने सावध राहावं, या तत्त्वाचं हे टोकाचं रूप. यात एक गृहीत दडलेलं आहे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे आहेत, माल मध्ये पडला आहे, घेणाऱ्याला डोळे आहेत, हात आहेत. मंडईत वांगी घेताना हे ठीकच आहे. दाबून बघा आणि घ्या. पण खडा विष उतरवतो की नाही हे कुणी दाबून कसं बघावं? आपल्याकडच्या १९३० च्या माल विक्री कायद्यातही हे जुनं तत्त्व सोळाव्या कलमात बसलेलं आहे. फरक इतकाच, की तिथे त्याला महत्त्वाचे अपवाद जोडले आहेत. ग्राहकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असेल, तर माल त्या हेतूला योग्य असलाच पाहिजे.

ही झाली दोघांची गोष्ट. आपला खरा विषय तिसऱ्या माणसाचा आहे, पैसे पुरवणाऱ्याचा. आणि त्याची गोष्ट एका दरोड्यापासून सुरू होते.

१७५६ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये टपालगाडी लुटली गेली. लुटीत एकवीस पौंड दहा शिलिंगांची बँक ऑफ इंग्लंडची एक नोट होती. दुसऱ्या दिवशी ती एका खाणावळवाल्याच्या हातात आली. त्याने ती चोख व्यवहारात, काही ठाऊक नसताना घेतली होती. तो बँकेत गेला तेव्हा बँकेने पैसे अडवले, कारण मूळ मालकाने चोरीची खबर देऊन ठेवली होती. १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निवाडा खाणावळवाल्याच्या बाजूने दिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: नोट पैशासारखी फिरते. दर वेळी घेणाऱ्याने तिचा पूर्वेतिहास तपासायचा म्हटलं, तर व्यापार थांबेल. म्हणून ज्याने प्रामाणिकपणे, मोबदला देऊन ती घेतली, त्याला मागच्या पापाचा विटाळ नाही.

विचार करा, किती मोठी गोष्ट आहे ही. चोरीची गाय विकत घेतली तर गाय मूळ मालकाकडे परत जाते. चोरीचा पैसा प्रामाणिक माणसाच्या हाती गेला की तो त्याचा होतो. पैशाला स्मरण नसतं, असं कायद्याने ठरवलं. आणि व्यापारासाठी ते विस्मरण गरजेचंही होतं, हे मान्य करायला हवं. हेच तत्त्व पुढे वचनचिठ्ठी, हुंडी, धनादेश यांना लागू झालं आणि आपल्याकडे १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात आलं. अशा प्रामाणिक धारकाला कायद्यात 'यथाविधी धारक' म्हणतात.

आपल्या पेढ्यांनी मात्र एक वेगळी वाटही काढली होती. शहाजोग हुंडी आपल्याला ठाऊक आहे. ती प्रतिष्ठित माणसालाच वटवून मिळे. दुसरी होती जोखमी हुंडी. माल जहाजाने निघाला की पाठवणारा त्यावर हुंडी काढी, पण पैसे द्यायचे ते माल सुखरूप पोचला तरच. माल बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदावर. इथे पैशाचं नातं मालाशी तुटलेलं नाही. लंडनच्या नोटेला आपण कुठून आलो हे आठवत नव्हतं. जोखमी हुंडीला आठवत होतं. १८८१ च्या कायद्यानेही देशी भाषांतल्या दस्तांच्या स्थानिक रूढीला हात लावला नाही. या दोन कागदांतला फरक मनात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या दोन टोकांमधला आहे.

आता आपल्या मातीत येऊ. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांना आणि दुकानांना गराडा घातला. त्यांना हवे होते कागद, म्हणजे कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या, हुकूमनामे. ते मिळाले की चौकात जाळायचे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. जिवावर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे. राग माणसापेक्षा कागदावर जास्त होता.

का बरं? कारण रोखा बोलत नव्हता. १८५९ मध्ये सरकारने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिहून घेऊ लागला. दहा रुपयांचं बियाणं कधी घेतलं, किती परत केलं, धान्य किती दिलं, यातलं काहीही नव्या रोख्यावर नसे. तिथे फक्त शेवटचा आकडा आणि अंगठा. दिवाणी न्यायालय रोखा बघे, अंगठा बघे आणि हुकूमनामा देई. शेतकरी सांगू लागला की साहेब, हे असं नाही, तर त्याला उत्तर मिळे की सही तुझीच आहे ना?

पासवर्ड तुम्हीच टाकलात ना, सर? आम्हाला त्या फोनवर नेमका हाच सूर ऐकू आला होता. आमच्या अडतीस हजारांची तुलना त्या शेतकऱ्याच्या जमिनीशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण तर्काची जात एकच आहे. संमतीची खूण दाखवायची आणि संमती कशासाठी होती हे विचारूच द्यायचं नाही.

दंग्यांनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याचं बारावं कलम आम्हाला भारतीय कायद्याच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं कलम वाटतं. न्यायाधीशाने रोख्यावर थांबू नये, पक्षकारांमधल्या व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती हे पाहावं आणि मग हिशेब लावावा. दुसऱ्या शब्दांत, कागदाच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. विसरलेल्या कागदाला बोलतं करण्याचा अधिकार.

या कायद्याने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सावकारांनी पळवाटा काढल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं की पैसे फेडलेस की जमीन परत. कर्ज मिळणं अवघड झालं अशीही तक्रार झाली. ही तक्रार लक्षात ठेवा, कारण ऋणकोच्या बाजूने कायदा झाला की धनको नेहमी हेच म्हणतो आणि कधीकधी त्यात तथ्यही असतं.

आता समुद्रापलीकडे. विसाव्या शतकात अमेरिकेत हप्त्यांवर वस्तू घेण्याची लाट आली. मोटार, शीतकपाट, शिवणयंत्र. ग्राहक दुकानदाराला वचनचिठ्ठी लिहून देई. दुकानदार ती लगेच वित्तकंपनीला विकून रोख पैसे घेई. वस्तू बिघडली, ग्राहकाने हप्ता थांबवला, की वित्तकंपनी म्हणे: आम्ही यथाविधी धारक. यंत्र चालतं की नाही हे तुम्ही आणि दुकानदार बघा. आमचा हप्ता टाका. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी खाणावळवाल्यासाठी केलेला नियम आता वित्तकंपनीची ढाल झाला होता.

न्यू जर्सीतलं एक प्रकरण फार बोलकं आहे. एका ग्राहकाने ६९८ डॉलरना ध्वनिमुद्रिकांचे १४० अल्बम मागवले. ते टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत मिळायचे होते. त्याने हप्त्यांची चिठ्ठी लिहून दिली. पहिले १२ अल्बम आले, आणि नंतर एकही नाही. त्याने बारा हप्ते भरले आणि मग थांबला. विकणारी कंपनी तोवर बुडाली होती. चिठ्ठी 'युनिको' नावाच्या संस्थेकडे होती. तिने दावा लावला: उरलेले पैसे टाका. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागदाच्या पाठीमागे पाहिलं. तर काय, युनिको ही त्या विक्रेत्याला पैसे पुरवण्यासाठीच उभी केलेली भागीदारी होती! त्याच्या व्यवहारांच्या अटी तीच ठरवत होती. न्यायालयाने म्हटलं, की धंद्यात इतका गुंतलेला धनको स्वतःला अनभिज्ञ परका म्हणवू शकत नाही.

हा युक्तिवाद नीट पकडा. तिसऱ्या माणसाला जबाबदार धरायचं ते त्याच्याकडे पैसे आहेत म्हणून नव्हे. तो खऱ्या अर्थाने तिसरा नाहीच म्हणून. दुकानदाराचा गल्ला त्याच्यामुळे चालतो, दर विक्रीत त्याचा हिस्सा आहे. नफ्यात भागीदार आणि तोट्यात परका, असं चालणार नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला. हप्त्यांच्या करारात ठळक अक्षरांत लिहावं लागलं, की हा कागद ज्याच्या हाती जाईल त्याला ग्राहकाच्या विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारीही लागू राहतील. १९७६ पासून तो अमलात आला.

याच काळात कार्ड वयात येत होतं. १९५० मध्ये डायनर्स क्लब निघाला. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार लोकांना न मागता कार्डं टपालाने पाठवली. विचारलं नाही, पुसलं नाही, पाकीट उघडलं की कार्ड! चोऱ्या झाल्या, थकबाकी वाढली, लोक वैतागले. १९७० मध्ये न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी आली आणि हरवलेल्या कार्डाबाबत ग्राहकाची जबाबदारी पन्नास डॉलरपुरती मर्यादित झाली. १९७४ मध्ये फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आला. बिलात चूक असेल, माल ठरल्याप्रमाणे पोचला नसेल, तर साठ दिवसांत लेखी कळवा. कार्ड कंपनीने तीस दिवसांत पोच द्यायची आणि जास्तीत जास्त नव्वद दिवसांत निकाल लावायचा. तोवर वादातली रक्कम भरायची सक्ती नाही. मालाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तरी काही अटींवर पैसे रोखता येतात, पण ग्राहकाने आधी दुकानदाराशी प्रामाणिकपणे मिटवायचा प्रयत्न केलेला असला पाहिजे.

ब्रिटन आणखी पुढे गेलं. तिथे १९६६ मध्ये बार्कलेकार्ड आलं होतं. जेफ्री क्राउदर हे एकेकाळी 'द इकॉनॉमिस्ट'चे संपादक. त्यांच्या समितीचा ग्राहक कर्जाविषयीचा अहवाल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीची मांडणी अशी, की धनको आणि विक्रेता हे जणू एका संयुक्त उद्योगातले भागीदार असतात. शिवाय ग्राहकाने एका हाताने हप्ते भरत राहायचं आणि दुसऱ्या हाताने दुकानदारावर खटला चालवायचा, हे ओझं अन्यायाचं आहे. त्यातून १९७४ चा कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट झाला आणि त्याचं प्रसिद्ध पंचाहत्तरावं कलम. विक्रेत्याने करार मोडला किंवा खोटं सांगितलं, तर ग्राहकाचा जो दावा विक्रेत्यावर, तोच दावा कार्ड देणाऱ्या धनकोवर. दोघेही संयुक्तपणे जबाबदार. धनकोने भरपाई देऊन मग ती विक्रेत्याकडून वसूल करावी. मूळ कायद्यात वस्तूची किंमत तीस पौंडांहून जास्त आणि दहा हजारांपर्यंत असावी लागे. आज ती मर्यादा शंभर ते तीस हजार पौंड आहे. गंमत अशी, की कार्डाने नुसता विसार दिला असला तरी जबाबदारी पूर्ण व्यवहाराची येते. परदेशातल्या खरेदीला हे लागू आहे का, यावर बँका वर्षानुवर्षं झगडल्या. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की लागू आहे.

आपले जे भाऊबंद लंडन-लेस्टरला आहेत, त्यांनी हे कलम पाठ करून ठेवावं. आणि इथल्या लोकांनी हे पाठ करावं, की आपल्याकडे असं कलम नाही.

मग आपल्याकडे आहे तरी काय? इथे नाव येतं चार्जबॅकचं. हा कायदा नव्हे. कार्डांच्या जाळ्यांचा, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांचा आपसातला नियम आहे. रचना समजून घ्या. एका बाजूला तुम्ही आणि तुमची बँक. दुसऱ्या बाजूला दुकानदार आणि त्याची बँक. मध्ये जाळं. तुम्ही तक्रार केली, की तुमची बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे उलटे ओढते. दुकानदाराला पुरावा देण्याची संधी असते: माल पोचल्याची सही, पावती, मजकूर. त्याने पुरावा दिला तर वाद पुढे सरकतो आणि शेवटी जाळं निवाडा करतं. प्रत्येक पायरीला मुदत आहे. बहुतेक प्रकारांत सुरुवातीची मुदत व्यवहारापासून, किंवा माल यायचा होता त्या दिवसापासून, १२० दिवसांची असते. म्हणून 'आज देतो, उद्या देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराच्या गोड बोलण्यात सगळ्यात मोलाची गोष्ट खर्च होते, ती म्हणजे दिवस.

रिझर्व्ह बँकेचे नियम याला टेकू देतात. तिच्या निर्देशांनुसार बिलाबद्दल हरकत घेतली, तर कार्ड देणाऱ्या बँकेने तीस दिवसांत खुलासा आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायला हवा. तुमच्या नकळत कुणी कार्ड वापरलं, तर त्याबाबत ६ जुलै २०१७ चं परिपत्रक निघालं. दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही, गळती मधेच कुठेतरी झाली, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात ठरलं. आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. १८७५ च्या शेतकऱ्याला हे वाक्य ऐकवलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

पण हे दोन प्रकार वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका. 'मी हा व्यवहार केलाच नाही' ही एक तक्रार, आणि 'व्यवहार केला पण माल आला नाही' ही दुसरी. पहिल्या तक्रारीत पासवर्डचा मुद्दा महत्त्वाचा. दुसऱ्या तक्रारीत तो गैरलागू, कारण पैसे आपणच दिले हे आपण नाकारतच नाही. फोनवरच्या त्या मुलीने दुसऱ्या तक्रारीला पहिल्या तक्रारीचं उत्तर दिलं होतं. आमची एक जुनी विद्यार्थिनी वकिली करते. तिने हे दोन मिनिटांत समजावलं. म्हणाली, "सर, तर्कशास्त्र तुम्हीच शिकवलंत. तिला सांगा ना, की प्रश्न बदलू नका."

मग आमच्या सौ.नी फाइल काढली. त्या प्रत्येक पावती ठेवतात, आणि त्याबद्दल आम्ही त्यांची चाळीस वर्षं थट्टा केलेली आहे. मागणीची पावती, त्यावर लिहिलेली घरपोच तारीख, दुकानदाराला पाठवलेले संदेश, मागणी रद्द करून पैसे परत मागितल्याची ईमेल, बंद शटरचा फोटो. बँकेला लेखी अर्ज केला, त्यात स्पष्ट लिहिलं की माल मिळालेला नाही, चार्जबॅक सुरू करा, आणि तक्रार क्रमांक घेतला. बाकीचं बिल वेळेवर भरत राहिलो, कारण वाद नसलेली रक्कम थकवली की आपलीच बाजू लंगडी होते. आधी रक्कम तात्पुरती जमा झाली आणि अडीच महिन्यांनी कायमची.

गोष्ट इथे संपली असती तर हे व्याख्यान म्हणजे एका म्हाताऱ्याच्या विजयाची कथा झाली असती. पण आमच्या सोसायटीत एक वॉचमन होते. त्यांनी त्याच दुकानात मुलीच्या लग्नासाठी पलंग आणि कपाट सांगितलं होतं. चौदा हजार रुपये, रोख. पावती होती, पिवळ्या कागदावर. आमचे पैसे परत आले हे त्यांना कळलं तेव्हा ते आमच्याकडे आले आणि विचारलं, "सर, माझेही येतील का हो?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे कायद्याचं उत्तर होतं. जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, अर्ज आम्ही लिहून देतो. हा रस्ताही काही आकाशातून पडलेला नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, मुंबईत १९७५ पासून ग्राहक पंचायतीचं काम सुरू झालं, तेव्हा कुठे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्या मागणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. अर्ज आम्ही खरोखर लिहिला. पण तारखेला जायचं म्हणजे एक दिवसाची रजा, आणि बिनपगारी. पळालेल्या माणसाचा पत्ता शोधायचा. दोन तारखांनंतर ते म्हणाले, "राहू द्या सर." लग्न झालं, पलंगाशिवाय झालं.

मित्रहो, तेव्हापासून आम्हाला हा इतिहास जरा वेगळा दिसतो. जे संरक्षण आम्हाला मिळालं ते आमच्या हुशारीमुळे नव्हे. आम्ही ऋणको होतो म्हणून मिळालं. आमच्या आणि दुकानदाराच्या मध्ये एक दांडगी संस्था उभी होती आणि तिला पैसे उलटे ओढता येत होते. वॉचमनच्या हातातून नोट गेली आणि लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या त्या नोटेसारखी सगळं विसरली. ज्याला बँक उधार देते त्याला दाद, आणि जो कष्टाचे पैसे रोख मोजतो त्याला तारखा. १८७५ मध्ये कर्ज हा गरिबाच्या गळ्यातला फास होता. आज चांगल्या कर्जदाराला कर्जच कवच देतं, आणि ज्याची पत नाही तो कर्जाबाहेरही उघडाच. यूपीआयने आपण चहापासून सोफ्यापर्यंत सगळं देऊ लागलो आहोत. सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण बँक खात्यातून क्षणात पोचलेला पैसा रोख नोटेचा भाऊ आहे, जोखमी हुंडीचा नव्हे. मोठी रक्कम आगाऊ देताना हे आठवा.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्ही प्राध्यापक कसले. चार्जबॅकचा गैरवापर होतो. साडी नेसून, कार्यक्रम उरकून 'माल मिळालाच नाही' म्हणणारे महाभाग आहेत. अशा वेळी भुर्दंड छोट्या दुकानदाराला बसतो, कारण त्याच्याकडे पुराव्यांची फाइल ठेवायला माणूस नसतो. तेव्हा कागदाच्या पाठीमागे जायचं ते दोन्ही बाजूंनी. बाराव्या कलमाने न्यायाधीशाला ऋणकोचं ऐका असं सांगितलं नव्हतं. इतिहास तपासा असं सांगितलं होतं.

म्हणून फोनवरच्या त्या मुलीला आज आम्ही काय उत्तर देऊ? पैसे आम्ही दिले, हे खरं. पण ते कपाटासाठी दिले. संमती ही नेहमी कशासाठी तरी असते, आणि ते 'कशासाठी' पुसून टाकलं की उरतो तो नुसता अंगठा. जो व्यवहारातून नफा घेतो, त्याने तो व्यवहार कशासाठी होता हे विसरू नये, इतकीच ही चारशे वर्षांची मागणी आहे. कार्डधारकांपुरती ती थोडीफार मान्य झाली. पिवळ्या कागदाच्या पावतीपर्यंत ती अजून पोचायची आहे.

ते वॉचमन आता गावी असतात. त्यांचा अर्ज सौ.च्या फाइलमध्ये, आमच्या अर्जाच्या मागेच लावलेला आहे. आम्ही तो काढलेला नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मात्र बँकेचं नाव विचारू नका, ते सांगणार नाही.